सोसायटीच्या हॉलमध्ये गुहाचित्रांची कार्यशाळा कशी घ्यावी

गुहेतल्या माणसांनी चित्रं का काढली? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: शिकार चांगली मिळावी म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या अभ्यासकांनी हे उत्तर लोकप्रिय केलं आणि ते अजून लोकांच्या तोंडून जात नाही. खालची कार्यशाळा मुलांनी ते उत्तर स्वतःच्या हातांनी तपासावं म्हणून आखली आहे. १० ते १४ वयाची २० मुलं, चार मोठी माणसं, साडेतीन तास आणि सोसायटीचा हॉल एवढं पुरतं. ठाण्यात घ्या, नेरूळला घ्या, फक्त पावसाळ्यात घेऊ नका. जुलैत कागद वाळत नाही आणि डिंकाच्या पाण्यावर दोन-तीन दिवसांत बुरशी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

मुलांना एकच गोष्ट कळायला हवी: चित्र कशासाठी काढलंय ते चित्रापेक्षा त्याच्या जागेवरून जास्त कळतं. याचा सगळ्यात चांगला नमुना आपल्याच इमारतींमध्ये आहे. जुन्या इमारतीच्या जिन्यात वळणाच्या कोपऱ्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर देवांच्या टाइल्स बसवलेल्या असतात. गणपती, साईबाबा, शेजारी क्रूस, त्याच्या शेजारी मक्का-मदिना. नुसत्या टाइल्स काढून संग्रहालयात ठेवल्या तर पाहणारा म्हणेल, इथे पूजा होत असणार. जिन्यात पाहिल्या तर दिसतं की फूल नाही, दिवा नाही, आणि टाइल नाही त्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या आहेत. लोकांनी थुंकू नये म्हणून देव बसवले आहेत. कार्यशाळेची सुरुवात इथूनच करा, मुलांना जिन्यात उभं करून. पाच मिनिटं पुरतात.

प्रत्येक मुलाला पोस्टकार्डाएवढा कागद द्या आणि त्यावर चार प्रश्न लिहून घ्या. चित्र कुठे आहे आणि तिथे पोचायला किती त्रास पडतो? एका वेळी किती जण पाहू शकतात? काढायला किती कष्ट पडले असतील? त्यावर पुन्हा कुणी काढलंय का, की ते जपलंय, की पुसलंय? पुढे प्रत्येक टप्प्यावर हीच चार उत्तरं भरायची.

आदल्या दिवशीची तयारी

गेरू १ किलो, शक्यतो ढेकळं. पिवळी माती पाव किलो, लाकडी कोळसा पाव किलो, बाभळीचा डिंक ५० ग्रॅम, मलमलचं कापड एक मीटर, १०० मिलीच्या सहा स्प्रे बाटल्या, खाकी कागदाचा रुंद रोल, मैद्याची खळ, रद्दी. मांडववाल्याकडून ८ बाय ४ फुटांचे दोन प्लाय एका दिवसापुरते मागा. गेरू पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो आणि कुंड्या रंगवायला नर्सरीवालेही ठेवतात. ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत बहुतेक सगळं होतं.

गेरू तपासून घ्या. चिमूटभर गेरू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. खरा गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड. ते पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं आणि वरचं पाणी निवळतं. सकाळी वरचं पाणी निवळलेलं पण तांबडं-गुलाबी दिसलं, तर मातीला रंग लावून विकलंय. तो घेऊ नका, कारण तो मुलांच्या हातावरून आठवडाभर जात नाही.

ढेकळं कुटत बसू नका, धूळ उडते आणि रेती रेतीच राहते. रात्रभर भिजवा, सकाळी बादलीत भरपूर पाणी घालून ढवळा आणि मनात साठपर्यंत मोजा. तेवढ्यात रेती तळाला जाते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, रेती टाकून द्या. गढूळ पाणी काही तास स्थिर ठेवलं की तळाला लोण्यासारखा गाळ बसतो. रंग म्हणून वापरायचा तो हाच गाळ. ही पायरी गाळली की स्प्रेचं तोंड दर दोन मिनिटांनी बुजतं आणि कार्यशाळेचा अर्धा वेळ टाचणी शोधण्यात जातो.

कोळसा ओल्या फडक्यात गुंडाळून फोडा, म्हणजे पूड उडत नाही. बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या विटा नकोत, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. खऱ्या गुहांमध्ये काळ्यासाठी कोळशाबरोबर मँगनीजची खनिजंही वापरलेली आहेत. ती आपण मुलांच्या हाती द्यायची नाहीत, ती धूळ श्वासातून आत गेलेली चांगली नाही. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ वापरा. चुना अजिबात नको, ओला चुना कातडी जाळतो.

डिंक २५० मिली पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. बोटाने किंवा काडीने काढायचा रंग करताना दोन चमचे गेरूच्या गाळात एक चमचा डिंकाचं पाणी घाला. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर वाळताना तडकतो. आधी कागदाच्या तुकड्यावर ठिपका देऊन बघा. फवारणीसाठी एक चमचा गाळ, सात-आठ चमचे पाणी, आणि मिश्रण मलमलमधून दोनदा गाळलेलं.

भिंत सपाट ठेवू नका. प्लायवर रद्दीचे बोळे खळीने चिकटवा, त्यावर चुरगळलेला खाकी कागद थोडा ओला करून बसवा. उंचवटे, घड्या, खाचा दिसायला हव्यात. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेच्या छतावर दगडाचा जो भाग नैसर्गिकच फुगलेला आहे, त्यावर गवे रंगवले आहेत. मुलांना कोऱ्या सपाट कागदावर बसवलं तर हे कधीच कळणार नाही. आणि हॉलच्या खऱ्या भिंतीपासून बादली चार हात लांब ठेवा. गेरू डिस्टेंपरमध्ये शिरला की निघत नाही आणि मग पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही.

पहिला टप्पा: माती भाजणे

सगळ्यात आधी हा दहा-पंधरा मिनिटांचा प्रयोग करा, मुलं जागी होतात. जुन्या लोखंडी तव्यावर पिवळ्या मातीचा पातळ थर पसरून मोठ्या आचेवर ठेवा आणि उलथन्याने हलवत राहा. २५० ते ३०० अंशांच्या आसपास त्या मातीतलं लोहाचं खनिज पाणी सोडतं आणि पिवळी माती डोळ्यांदेखत तांबडी होते. ही युक्ती माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत गेरू वाटून, शिंपल्यांत कालवून ठेवल्याचे सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे पुरावे मिळाले आहेत. म्हणजे रंग हा तयार करायचा, साठवायचा माल होता. तवा मोठ्या माणसाने हाताळायचा आणि ढेकळाच्या रूपातलीच माती भाजायची. चकचकीत पिवळी पूड कशाची असते सांगता येत नाही, ती तापवू नका.

दुसरा टप्पा: हाताचे ठसे

तळवा भिंतीला टेकवून भोवती रंग फवारायचा, म्हणजे हाताची जागा मोकळी राहते. खऱ्या गुहांमध्ये रंग तोंडाने किंवा नळीतून फुंकला जात असे. इथे तोंडात रंग घ्यायचा नाही, कितीही मजा वाटली तरी. स्प्रे बाटली वापरा. ज्यांना फुंकरीचीच हौस आहे त्यांना दोन स्ट्रॉ द्या: एक रंगात उभा, दुसरा त्याच्या टोकाशी काटकोनात आडवा धरून फुंकायचा. उभा स्ट्रॉ रंगाच्या पृष्ठभागाच्या वर दोन-तीन सेंटिमीटरच राहिला पाहिजे. जास्त उंच राहिला तर फुंकून गाल दुखतात, रंग वर चढत नाही.

हाताच्या फक्त मागच्या बाजूला खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, म्हणजे गेरू लगेच धुतला जातो. तळव्याला तेल लागलं तर कागदावर डाग उठतो. बाटली १५ ते २० सेंटिमीटरवर, समोरून धरायची आणि चार-पाच छोटे फवारे मारायचे. एकच लांब फवारा मारला की ओघळ येतात. बोटांची टोकं नीट दाबली नाहीत तर तिथे रंग आत शिरतो आणि बोट अस्वलाच्या पंजासारखं दिसतं. दोन मिनिटं थांबून हात सरळ मागे घ्यायचा, सरकवायचा नाही.

सगळ्यांचं झालं की विचारा, डावे हात किती? बहुतेक ठसे डाव्या हाताचे निघतील, कारण उजव्या हातात बाटली होती. युरोपातल्या गुहांमध्येही डाव्या हातांचेच ठसे जास्त आहेत. फ्रान्समधल्या गार्गास गुहेत बऱ्याच हातांची बोटं अपुरी दिसतात. कुणी म्हणतं हिमदंशाने गेली, कुणी म्हणतं मुद्दाम कापली, कुणी म्हणतं नुसती वाकवली, शिकारीतल्या खुणांच्या भाषेसारखी. मुलांना बोट वाकवून ठसा काढू द्या आणि वाकवलेल्या बोटाच्या ठिकाणची कड सरळ ठशाशी ताडून बघायला सांगा. वाद आपोआप सुरू होतो, तो थांबवू नका.

हे ठसे काढले कुणी? २०१३ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डीन स्नो यांनी फ्रान्स-स्पेनमधल्या ३२ ठशांतल्या बोटांची लांबी मोजून बघितली आणि सुमारे तीन-चतुर्थांश हात बायकांचे असावेत असा निष्कर्ष काढला. नमुना लहान आहे, पण ‘शिकारी पुरुषाने काढलेलं चित्र’ ही प्रतिमा हलवायला पुरेसा आहे.

आता आजच्या हातांकडे या. गडावरच्या बुरुजावर बाण-बदाम कोरून नाव लिहिणारा ‘मी इथे आलो’ एवढंच सांगतो. गावोगावच्या सतीशिळांवर बांगड्या भरलेला हात असतो, तो मृत्यूची आठवण आहे. लग्नघरातला हळदीचा पंजा शुभचिन्ह आहे. आकार जवळपास तोच, कामं तीन. नुसता पंजा बघून कोणता कशासाठी ते सांगता येईल का? कार्डावरचे चार प्रश्न इथे पहिल्यांदा उपयोगाला येतात.

तिसरा टप्पा: अंधारात चित्र

हॉललगतची एखादी छोटी खोली पूर्ण काळोखी करा. लिफ्टची किंवा मीटरची खोली वापरू नका. एका वेळी पाच मुलं, आठ मिनिटं, हातात कोळसा, समोर प्लाय. उजेड एका पणतीचा, आणि पणती मोठ्या माणसाच्या हातात. केस बांधलेले, ओढण्या बाहेर, वाळूची बादली दाराशी. बाकी उजेड लागलाच तर बॅटरीच्या पिवळ्या मेणबत्त्या ठेवा. प्रत्येक गटानंतर दार पाच मिनिटं उघडं ठेवा. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत लाल वालुकाश्माचा कोरीव दिवा सापडला आहे. त्यात प्राण्यांची चरबी जाळत आणि वातीला जुनिपर नावाच्या झुडपाच्या काड्या वापरत.

मुलांना फक्त प्राण्याचं नाव सांगा, समोर चित्र ठेवू नका. दोन गोष्टी घडतात. पहिली, मुलं तपशील सोडून मोठी, एका दमातली रेघ मारतात, कारण बारीक काही दिसतच नाही. दुसरी, पणती हलवली की उंचवट्यांच्या सावल्या सरकतात आणि गवा हलल्यासारखा वाटतो. फ्रान्समधल्या शोव्हे गुहेत आठ पायांचा एक गवा आहे. दिव्यासमोर तो धावताना दिसत असेल, असं काही अभ्यासक मानतात. अंधारात जमून हलत्या उजेडात प्राणी पाहणं हा नाटक-सिनेमाच्या घराण्यातला प्रकार झाला, दिवाणखान्यात टांगायच्या फ्रेमचा नाही. ‘एका वेळी किती जण पाहू शकतात’ या प्रश्नाचं उत्तर मुलं इथे पाच लिहितील. तेवढ्यांसाठी कुणी इतक्या आत का जाईल, हा पुढचा प्रश्न त्यांनाच सुचू द्या.

सगळं गंभीरच होतं असंही नाही. फ्रान्समधल्याच रूफिन्याक गुहेत मऊ भिंतीवर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत आणि त्यातल्या काही अगदी लहान मुलांच्या बोटांच्या आहेत. दोन-तीन वर्षांचं पोर तिथे एकटं पोचलं नसणार. कुणीतरी कडेवर घेतलं होतं.

चौथा टप्पा: शिकारीचं उत्तर तपासणे

लास्कोमध्ये खाल्लेल्या प्राण्यांची जी हाडं सापडली ती जवळपास सगळी रेनडिअरची आहेत. भिंतींवर मात्र घोडे, रानबैल, वेगळ्या जातीची हरणं आहेत आणि शेकडो प्राण्यांमध्ये रेनडिअर जेमतेम एक. जे रोज ताटात होतं ते भिंतीवर नाही. शिकार मिळावी म्हणून चित्र काढायचं, तर रेनडिअर का नाही?

याचा आजचा प्रयोग पालकांच्या फोनवर होतो. घरातल्या मोठ्या माणसाच्या फोनमधले खाण्याचे शेवटचे २० फोटो मोजायचे आणि शेजारी गेल्या आठवड्यात घरी जे शिजलं ते लिहायचं. पोळी-भाजी-वरण-भात आठवडाभर, आणि फोटो मिसळीचे, केकचे, मोदकांचे. फोटोवरून आपला आहार ठरवणारा पुढच्या काळातला अभ्यासक काय निष्कर्ष काढेल, हे मुलांकडून लिहून घ्या. रोजच्या गोष्टींची नोंद कुणी करत नाही, विशेष गोष्टींची करतात. काही प्राणी लास्कोच्या माणसांसाठी विशेष होते एवढं ठामपणे म्हणता येतं. ते देव होते, कुळाची खूण होते की गोष्टीतली पात्रं, यावर अजून भांडणं चालू आहेत. मुलांपुढे त्यातलं एक उत्तर ‘बरोबर’ म्हणून ठेवू नका.

पाचवा टप्पा: वारली, आणि इथे जपून

ठाण्यात कार्यशाळा घेताना वारली चित्रांना वगळणं चुकीचं. पण ती ‘आदिमानवाची कला’ म्हणून दाखवणं त्याहून चुकीचं. वारली हे आजचे लोक आहेत, येऊरच्या पाड्यांवर राहतात, त्यांची मुलं तुमच्या मुलांसारखीच शाळेत जातात. मुलांना पानांचे घागरे घालून नाचवायचा मोह बऱ्याच ठिकाणी होतो. टाळा. ‘ही चित्रं हजारो वर्षं जुनी’ हेही बिनधास्त सांगू नका. कुडाच्या भिंतीवरचं तांदळाचं पीठ काही वर्षंसुद्धा टिकत नाही, त्यामुळे चित्रांचं वय भिंतीवरून ठरत नाही.

वारली चित्र इथे हवं ते एका खास कारणासाठी. त्याचा हेतू बदलला, तो कसा बदलला, हे आपल्याला माहीत आहे. लग्नाचा चौक घरातल्या भिंतीवर सवाष्णी काढतात, मधे पालघाट देवी, आणि लग्न लावणारी बाई, धवलेरी, गाणी म्हणते. चौक लग्नासाठी असतो, प्रदर्शनासाठी नाही. १९७० च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा मशे हे चित्र कागदावर आणि कापडावर घेऊन आले. ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्र विकायला लागलं तशी पुरुषांची संख्या वाढली, चौकाऐवजी शेती, मासेमारी, पुढे रेल्वेगाडीसुद्धा आली. आज तेच त्रिकोणी अंगाचे लोक पालिकेच्या भिंतींवर, कुर्त्यांवर, मगवर आहेत. रेघ फारशी बदलली नाही. जागा, काढणारा आणि पाहणारा बदलला, आणि त्याबरोबर काम बदललं.

करून बघायचं तर खाकी कागदावर गेरूचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग आधीच चार तास भिजवून ठेवलेले तांदूळ बारीक वाटून त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला. बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला करा. पेस्ट सायीएवढी दाट हवी. पातळ झाली तर गेरू वर येतो आणि रेघ गुलाबी पडते. देवीचा चौक मात्र काढायला लावू नका, तो मंगलविधीचा भाग आहे. झाडं, माणसं, तारप्याच्या नाचाचा गोल भरपूर झाला.

सहावा टप्पा: सोसायटीची फेरी

कार्ड घेऊन चाळीस मिनिटं आवारात फिरायचं. गेटवरची पाटी, दारातली रांगोळी, लिफ्टमधलं खरडलेलं बदाम, बिल्डरची जाहिरात, बाहेरच्या रस्त्यावर पालिकेने रंगवलेली भिंत, नवी मुंबईत असाल तर हमखास फ्लेमिंगो. प्रत्येकापुढे तेच चार प्रश्न. रांगोळीचं उत्तर सगळ्यांत मजेदार येतं: तासभर कष्ट, उंबऱ्यासमोर सगळ्यांना दिसेल अशी, आणि दुसऱ्या दिवशी पुसलेली. टिकण्यासाठी काढलेलीच नाही. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांत, म्हणजे खडकांच्या आडोशांत, उलट आहे. तिथे एकाच खडकावर वेगवेगळ्या काळातली चित्रं एकमेकांवर चढली आहेत, खाली प्राणी आणि वर तलवारी घेतलेले घोडेस्वार. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ती जागा अभ्यासकांपुढे आणली. भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटर.

पालक हमखास विचारतात, मग जवळच कान्हेरीला नेऊ का? न्या, पण या विषयासाठी नाही. कान्हेरी, घारापुरी ही माणसांनी खोदलेली लेणी आहेत, गुहाचित्रांहून हजारो वर्षांनी नवी. कान्हेरीत तर कुणी काय दान दिलं ते कोरून ठेवलंय, तिथे हेतू ओळखायचा खेळच उरत नाही. या विषयाला जुळणारी जागा रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पायांखाली कोरलेली. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की उभं राहून पूर्ण दिसत नाही. चार प्रश्नांपैकी दुसरा तिथे सगळ्यांना अडवतो.

आवराआवर

गेरूचं पाणी बेसिनमध्ये किंवा हॉलच्या मोरीत ओतू नका, गाळ पाइपात बसतो. सगळं एका बादलीत रात्रभर ठेवा, वरचं निवळलेलं पाणी झाडांना घाला आणि तळाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून पुडीत भरा, पुढच्या वेळी चालतो. डिंक मिसळलेला रंग मात्र ठेवू नका, कुबट वास येतो. स्प्रे बाटल्या कोमट पाण्याने लगेच धुवा. हातांच्या ठशांचा कागद घडी न घालता गुंडाळी करून ठेवा, रंगाची बाजू बाहेर. आत ठेवली तर रंग तडकून झडतो.